आईचं माहेरचं आडनाव

एदेल्मिरा ओयार्सून बार्रिया
छत्तीस वर्षं कास्त्रोच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत होत्या.
बेटावरचं अर्धं गाव त्यांच्या अक्षरात जन्मलं.
नावावरचं एक टिंब चुकलं तरी
त्या अख्खं पान नव्याने लिहायच्या.

मार्चमध्ये, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी,
कुणीतरी बँकेच्या रात्रपाळीला फोन केला
आणि पाच मिनिटं एदेल्मिरा झाला.
जन्मतारीख? बरोबर.
पहिली शाळा? बरोबर.
आईचं माहेरचं आडनाव?
बार्रिया. बरोबर.
सकाळी खात्यात दोन पावांपुरते पेसो उरले होते.

काउंटरच्या या बाजूला मी.
ओरडतील असं वाटलेलं.
त्यांनी एवढंच विचारलं,
"म्हणजे तो एकही शब्द खोटं बोलला नाही?"

एकही नाही, बाई.
हा प्रश्नच मुळात दुसऱ्या कुठल्या देशातून आलाय
यंत्राच्या पोटात बसून,
जिथे लग्न झालं की बाईचं माहेर नावातून पुसतात
आणि पुसलेलं म्हणून ते गुपित होतं.
आपल्याकडे आई नावाच्या शेवटी उघडीच बसलेली:
दारावरच्या पाटीवर, वीजबिलावर, कबरीच्या दगडावर,
शाळेच्या त्या जुन्या फोटोखाली,
जो तुमच्या भाचीनेच कौतुकाने
जगाच्या चव्हाट्यावर टांगला.

"मग मी काय करू?"
खोटं बोला, म्हटलं. आणि रेटून बोला,
दर वेळी तेच खोटं, ताकास तूर लागू न देता.
पासवर्ड लांब ठेवा, इथला तिथे वापरू नका.
फोनवर आकडे आले तर ते कुणालाच नाही,
मलासुद्धा नाही.
"तुलासुद्धा?"
मी बँकेतून बोलतोय म्हणालो, तर मुळीच नाही.

दोन दिवस त्या फिरकल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी आल्या, कोट न काढताच बसल्या.
छत्तीस वर्षं खरं लिहिलेला हात
कळफलकावर बराच वेळ अडखळला.
मग एकदम धावला.
काय लिहिलं ते मला दिसलं नाही.
जाताना दारात म्हणाल्या,
"आईला नवं माहेर दिलं. करमेल तिला तिथे."

जुलैत मला फोनवर बसवलं होतं.
एक आवाज आला, ओढलेला, जड जिभेचा.
आईचं आडनाव? बार्रिया.
यंत्र म्हणालं, चूक.
पुन्हा? बार्रिया. चूक.
तिसऱ्यांदा आवाज चढला:
बार्रिया, अरे बार्रिया, दोन र!
खातं गोठलं.
आणि मला, आता खोटं कशाला बोलू, आनंद झाला.
आला परत चोर, आणि खऱ्यावरच घसरला.

त्याच होत्या.
पुएर्तो मोन्तच्या हॉस्पिटलात, खुब्याचं ऑपरेशन.
भूल उतरताना
वरचं खोटं आधी उतरून गेलं.
खाली फक्त आई उरली.

ऑगस्टात काठी टेकत आल्या.
ओळखपत्र, अंगठा, सही, पुन्हा अंगठा.
वयामुळे रेषा झिजल्यात, यंत्राला पटेना.
तासभर त्या आपण आपणच असल्याचा
पुरावा देत उभ्या राहिल्या.
मी माफी मागू लागलो.
"कशाची रे? दार नीट लागलं होतं.
मीच बाहेर राहिले, एवढंच."

मग नवं आडनाव.
या खेपेला असं हवं, म्हणाल्या,
जे भुलीतही सापडेल
आणि कबरीवर सापडणार नाही.
कितीतरी वेळ खिडकीतून
ओहोटीच्या चिखलात उभी
खांबांवरची घरं बघत होत्या.
ओठ दोनदा हलले.
मग वाऱ्यात काडी पेटवताना धरतात
तसा त्यांनी तळव्याचा आडोसा केला.

मी मान फिरवली.
रांगेतल्या मासेवाल्यालाही
जरा मागे सरकायला सांगितलं.